सिंगल बेल

खैरनार ड्रायव्हरने त्याला द्राक्षांच्या क्रेटमधून आणलं,
खाली स्वतःचा जुना खाकी शर्ट अंथरून.
म्हणाला, ताई, सिन्नरच्या पाव्हण्याकडे आठ झाले, हे एक राहिलं.
पडून पडून तुम्ही भिंतींशी बोलायला लागाल.
माझ्या मांडीतला रॉड तेव्हा बारा दिवसांचा,
क्रेटमधला ग्रेट डेन छप्पन्न दिवसांचा,
पंजे असे, की कुणा थोराड कुत्र्याचे उसने घालून आलेला.

नाव ठेवलं हाफ.
बारकं पोर दिसलं की बोट आपोआप तेच बटण दाबतं.
खैरनार म्हणाला, महिनाभरात फुल लागेल याला.
म्हटलं, लागू दे की.
आम्हा बायकांना तर आता जन्मभर हाफच.

बोरस्ते मॅडम गुडघा वाकवायला येतात.
साठ अंश, पासष्ट, मी उशी चावते,
हाफ वॉकरचं रबर.
मला कॅल्शियम सकाळ-संध्याकाळ,
त्याला मात्र गांगुर्डे डॉक्टरांची ताकीद:
वरून एक गोळी द्यायची नाही, हाडं घाई करतील.
जिना नको. उड्या नकोत. गुळगुळीत फरशी नको.
माझ्याही कागदावर हेच, फक्त अक्षर वाईट.
मग पुढच्या खोलीत गोणपाटं टाकली
आणि हिरावाडीतल्या त्या दहा बाय बारात
आम्ही एकमेकांना अडखळत राहिलो.

उडी मारली की पाठ फिरवा, म्हणतात.
वॉकरसकट पाठ फिरवायला मला अर्धा मिनिट लागतो.
तोवर हा वळसा घालून समोर हजर.

शिकवायचं कसं, मला काय ठाऊक?
सतरा वर्षं एकच भाषा बोलले:
एक घंटी, थांब. दोन, चल.
तेवढ्या शब्दसंपत्तीवर पन्नास माणसं घाट चढून जातात,
कोंबड्यांसकट.
कपाटातून जुना तिकिटाचा पंच काढला,
वॉकरच्या नळीवर हाणला.
टण. टेकलास? घे, नखाएवढं उकडलेलं अंडं.
टणटण. एक पाऊल. एकच रे.
पहिले दहा दिवस टण म्हणजे
माझ्या छातीवर चढायचं, असं त्याचं मत.
एकदा पडलेच.
तो शेजारी आडवा झाला, जणू हाही धड्यातलाच भाग.
मी रडले. त्याने कानात ओलं नाक खुपसलं,
आणि मग उठून अंड्याची वाटी साफ केली.

डिसेंबर. सकाळी पारा आठवर,
रॉड आतून गार पडतो, मांडीत कुणी नळ ठेवल्यासारखा.
हाफ बत्तीस किलो. मी काठीवर.
पेठ नाक्यापर्यंत जातो, तीन ओट्यांवर टेकत.
शाळेची पोरं ओरडतात, घोडा, घोडा!
दूधवाला सायकल भिंतीला लावून उभा राहतो.

काल नाक्यावर सहाची पेठ थांबली.
माझी गाडी. आत कुणी नवीन पोरगी, कोरा गणवेश.
तिने डबल दिली
आणि हाफ निघाला.
त्याला घंटी म्हणजे घंटी, कुणाची का असेना.
खांदा उचकटला, काठी सुटू लागली,
खिशातला पंच खांबावर आपटला:
टण.
बत्तीस किलो जागच्या जागी बसले.
मागे वळून बघत, बरोबर ना?

सावळघाटाच्या अलीकडे त्या दिवशी
मी म्हातारीचं गाठोडं उतरवत होते.
एक पाय पायरीवर, एक हवेत,
आणि हात सवयीने दोरीला गेला.
दर रविवारी खैरनार खुर्चीच्या टोकावर बसतो,
म्हणतो, मी आरशात बघायला हवं होतं.
दर रविवारी मी चहा ओतते.

ओट्यावर बसूनच फोन लावला.
म्हटलं, खैरनार, घंटी मीच दिली होती.
पलीकडे डेपोतला गोंगाट.
एक गाडी मागे घेतली जात होती, येऊ द्या, येऊ द्या.
बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,
हाफ आता केवढा झाला?