पंधरा गुणांचा प्रश्न

"मुस्लिम राजकीय राष्ट्रवादाच्या उदयाची कारणे सांगा."
पाच वर्षांत तीनदा आलाय,
यंदा येणारच, असं बिराजदार सर म्हणाले
आणि का कोण जाणे, माझ्या बाकाकडे
बघायचं टाळलं.

सिमल्याचं शिष्टमंडळ, सहा.
ढाक्याला लीग, त्याच वर्षी.
स्वतंत्र मतदारसंघ, नऊ. लखनौ, सोळा.
मग ते चौदा मुद्दे, एकोणतीस.
ते मी बोटांच्या पेरांवर बसवलेत,
अम्मी तसबी सापडेना की मोजते तसे.
एका हाताला पेरं बरोबर चौदाच असतात.

रात्री दोनला पाणी आलं, पाचव्या दिवशी.
वही पालथी घालून घागरी लावल्या.
गड्डमकाकूंचा पाइप आमच्या हौदात,
आमची कळशी त्यांच्या ओट्यावर.
याचा करार कुणी लिहून ठेवलेला नाही.
भांडणं होतात. तीही तोंडीच.

परत बसले.
गाइडात आहे: मुसलमानांना वाटू लागले की…
मी लिहिते: त्यांना वाटू लागले की…
पेन अडतं.
"आम्हाला" लिहिलं तर गुण जातील,
आणि ते खरंही नाही.

अब्बा गादीला टाके घालत होते.
विचारलं, सेहेचाळीसला पणजोबांनी
मत कुणाला दिलं?
दाभण गादीत तसंच ठेवून ते हसले.
"पिंजारे कू कायका मत गे?
घरपट्टी भरनेवाल्यां कू था, पढे सो लोगां कू.
उनो अंगठा लगानेवाले."
मग त्या दिवशी काय करत होते?
"रुई धुनते हुएंगे. और क्या."

म्हणजे मतदारसंघ स्वतंत्र होता
आणि पणजोबा त्यात नव्हते.
एकत्र असता, तरी नसते.
हे कारणांत घालू की परिणामांत?

एप्रिल. वर्गातला पंखा नुसताच आवाज करतोय.
प्रश्न आलाय. अगदी शब्दाला शब्द.
सगळं लिहून झाल्यावर, समासाला लागून, एक ओळ:
"मताचा हक्क तेव्हा थोड्यांनाच होता."
खोडली नाही.
बाहीवरून कापसाची एक बट पानावर पडली,
फुंकली तर पुढच्या बाकावर जाऊन बसली.

तिथून श्रीदेवी कोल्ली मान न वळवता कुजबुजली,
"तेरावा कुठला गं?"
पर्यवेक्षक दारात. बोलता येईना.
मी तेरावं पेर दाखवलं.
ते अंगठ्यावर येतं.
तिला वाटलं, मी ठेंगा दाखवला.
अजून बोलत नाही.