श्वास घ्या, रोखा

बावीस वर्षं मी काचेआडून हेच म्हणत आलोय:
श्वास घ्या. रोखा. हलू नका.
मग बटण.
मग कधीतरी, सोडा.
लोकांचे मणके माझ्यापुढे उजळतात,
कुणाचे सरळ, कुणाचे गोणी वाहून वाकलेले.
माझा स्वतःचा कणा मी कधी बघितला नव्हता.

तो दाखवला तांडेल बाईंनी,
चेंबूरच्या तलावावर, सकाळी सहाच्या बॅचला.
"परकार, पोहताय की बसलाय?
घरून आरामखुर्ची आणलीत का?"
कंबर बुडालेली, हनुवटी छातीला टेकलेली,
पाय सायकल चालवत होते.
पन्नास मीटरला एक मिनिट चार सेकंद.

टपरीवरचा कागदी पेला अर्धा भरून
त्यांनी माझ्या कपाळावर ठेवला.
सांडला. पुन्हा भरला. सांडला.
तीन आठवडे माझ्या जेवणाला क्लोरिनची चव.
चौथ्यात एका बुधवारी तो आठ हात तसाच राहिला,
आणि मला कळलं,
डोक्यानं काहीच करायचं नसतं.
खांदे आळीपाळीनं वर येतात, हनुवटीला शिवून जातात.
हात अंगठ्यानं बाहेर निघतो, करंगळीनं आत शिरतो,
पाकिटात चिठ्ठी सरकवावी तसा,
शिंतोडा न उडवता.
(माझा उडतो. डावा जास्त.)

उताण्या पोहणाऱ्याची भिंत पाठीमागून येते.
वर फक्त आकाश, एक घार,
आणि त्या नव्या टॉवरची क्रेन, जिच्या रेषेत मी सरळ राहतो.
मी शिकायला लागलो तेव्हा टॉवर सातव्या मजल्यावर होता.
आता एकोणीस.
पाच मीटर आधी झेंड्यांची माळ डोळ्यांवरून सरकते,
तिथून मोजायचं. माझे सहा हात.
एका सकाळी पाचव्यालाच टाळू भिंतीवर आपटली.
टेंगूळ चोळत वर आलो तर बाई घड्याळ दाखवत हसत होत्या:
"अभिनंदन. आता पाच मोजा."

राहिलं पाण्याखालचं.
भिंतीला लाथ, हात कानांमागे जुळलेले,
आणि पाठीवरच, मासोळीसारखं.
"गुडघ्यातून नाही हो, बेंबीच्या मागून.
वर मारता तशी खालीही मारा,
तिकीट जाण्यायेण्याचं काढलंय ना?"
नाकात पाणी जाऊ नये म्हणून
मी हं करत राहतो,
घराण्याचा पत्ता नसलेल्या गवयासारखा.
तिसऱ्या लाथेला फुफ्फुसं दार ठोठावतात.
शेजारच्या लेनमधली स्वानंदी, वय बारा,
आठ लाथा मारून माझ्या कितीतरी पुढे उगवते.
"काका, तुम्ही पाण्याला मारता.
मी त्याला ढकलते."
एवढं बोलून गेलीसुद्धा.

काल पाच झाल्या.
वर पाण्याचा पृष्ठभाग माझ्या खोलीतल्या
उजेडाच्या काचेसारखा पांढरा,
त्यावर क्रेनचे तुकडे,
आणि त्याखाली मी, श्वास रोखलेला,
आणि हलू नका म्हणणारं कुणी नाही.
कमरेपासून एक लाट निघाली,
पोटऱ्यांतून गेली, अंगठ्यांवरून सुटली.
एकच. नंतरच्या पुन्हा सायकल.

अठ्ठावन्न पूर्णांक सहा.
गुडघे अजून पाण्याबाहेर डोकावतात,
बाई वरून काठी दाखवतात.

दुपारी एक आजोबा आले, छातीच्या फोटोसाठी,
हनुवटी पट्टीवर टेकवून, बनियन काढायला लाजत.
श्वास घ्या, म्हटलं. रोखा.
बटण दाबलं
आणि लगेच म्हटलं, सोडा, आजोबा, सोडा.
पूर्वी मी त्या वेळात
रजिस्टरमध्ये पुढचं नाव शोधायचो.