डोळ्यांत तेल

डोलकाठी पस्तीस मीटरची.
वरच्या टोपलीत दोघंच मावतो:
सुकाणू धरणारा मी
आणि समुद्र वाचणारा लेत्तेरियो मामा.
खाली 'सांता वेनेरा' आगपेटीएवढी,
तिच्या नाकातून पुढे निघालेला लांबच लांब लोखंडी साकव,
आणि साकवाच्या टोकाला काताल्दो, भाला घेऊन,
होडीच्याही आधी पाण्यावर पोचलेला.

जुलै. मेसिनाची सामुद्रधुनी.
इकडे सिसिली, तिकडे कालाब्रिया,
मध्ये दर सहा तासांनी कूस बदलणारं पाणी.
तलवारमासा इथे उन्हाला वर येतो,
पाठ शेकत पडतो
जेवून आडव्या झालेल्या माणसासारखा.
मामा म्हणायचा, त्याचा रंग शोधू नकोस.
पाण्याचा रंग जिथे चुकतो
तिथे तो असतो.

चाळीस वर्षं मामाने त्या चुका पकडल्या.

यंदा मात्र
तो शिडीच्या पायऱ्या मोजत चढतो, पुटपुटत.
फेरीबोटीकडे बघताना मान आधी वळते,
डोळा मागून.
परवा आरोळी ठोकली, "डावीकडे! डावीकडे!"
काताल्दोने भाला पेलला,
आणि निळी प्लास्टिकची पिशवी
सावकाश आमच्याखालून निघून गेली.
कुणी काही बोललं नाही.
काताल्दो भाल्याचं टोक पुसत राहिला.
कोरडंच होतं ते.

आज अकराच्या सुमाराला मला दिसला.
उजवीकडे, एक जांभळट गाठ,
कापडात सूत ओढलं जावं तशी.
मामा डावीकडे बघत होता.
आरोळीचा मान त्याचा.
सुकाणूवाल्याने तोंड उघडलं तर मासा बुडतो,
असं आमच्या होडीवर म्हणतात.
मी चाक फिरवलं. बोटभर.

त्याची मान वळली.
समुद्राकडे नाही, माझ्या हातांकडे.
मनगट किती वळलं, बोटं कुठे आवळली
ते सगळं बघून घेतलं त्याने,
मग छाती भरून:
"उजवीकडे! अजून! आता सरळ!
आला रे काताल्दो, तुझ्या पायाखाली आला!"

आवाज तोच होता. चाळीस वर्षांचा.

भाला गेला. दोर सळसळत गेला,
सुटत गेला, थांबला, पुन्हा सुटला.
दीड तास.
मादी होती, एकशे दहा किलोची.
फळीवर घेतली तेव्हा रंग उतरत होते तिचे:
तांबूस झळाळी, मग चांदी,
मग नुसतं शिसं.

रिवाज म्हणून मामा वाकला,
तिच्या उजव्या डोळ्याशेजारी
नखांनी क्रूस ओरखडला, चार उभ्या, चार आडव्या रेघा.
हात मात्र लगेच उचलला नाही.
संत्र्याएवढ्या डोळ्यावर अंगठा ठेवून म्हणाला,
"गरम आहे अजून."

संशोधन केंद्रातली एक मुलगी गेल्या वर्षी सांगून गेली होती:
हा मासा बाकीचं अंग गार पडू देतो,
तापवतो फक्त डोळे आणि मेंदू,
खालच्या अंधारात पळतं भक्ष्य दिसावं म्हणून.
आणि तलवारीच्या मुळाशी
तेलाची गाठ असते, डोक्यावर झिरपणारी.
तेव्हा मी हसलो होतो:
म्हणजे हाही मामासारखाच,
डोळ्यांत तेल घालून.
आज ते हसू घशात अडकलं.

रात्री आगातीनाने केपर, ऑलिव्ह, टोमॅटो घालून रस्सा केला.
मामाच्या वाट्याचा तुकडा पोटाकडचा, चरबीचा.
"मीठ बघ रे," ती म्हणाली.
"बघायचं काय त्यात," तो म्हणाला, "चाखतो."
सगळे हसले. तोही.

मग टेबलाखाली
त्याने माझं मनगट चाचपलं, धरलं,
नाडी बघावी तसं.
"उद्या जरा लवकर वळव," म्हणाला,
"आज उशीर केलास."
आणि पावाने ताट पुसायला लागला.