उजवी कूस

फोटो एकच होता, आणि तो डाव्या बाजूचा.
मार्स्टालच्या धक्क्यावर कुणीतरी कॅमेरा रोवला होता
'तेओडोरा' सुटायच्या सकाळी:
तीन डोलकाठ्या, गुंडाळलेली शिडं,
कठड्याला रेललेली सहा माणसं.
त्यातला एक हलला, म्हणून त्याला चेहरा नाही.
न्यूफाउंडलंडचा सुका मासा भरायला गेलेलं गलबत
परत आलं नाही.
आराखडे पुढे वखारीबरोबर जळाले.

ऐनार क्रोमान खऱ्या जहाजांचा सुतार.
म्हातारपणी हात लहान करायला शिकलो, म्हणायचा.
अठ्ठेचाळीस हातांचा एक हात.
चर्चच्या छताला टांगायला त्यानं तेच गलबत निवडलं.
का, ते मी विचारलं नाही.
मी अकरा वर्षांचा, माझी बोटं बारीक,
म्हणून गाठी माझ्याकडे:
शिवणाचा दोरा मेणातून ओढायचा,
चिमट्यानं कप्पीच्या डोळ्यातून ओवायचा.
कप्पी मसुराएवढी.
एक शिंक आली की सकाळ वाया.

नाशपातीची फळी वाफेवर धरली की हट्ट सोडते,
घाई केली तर तोंडावर मोडते.
एकेक फळी फासळ्यांवर निजवत
डावी बाजू नाताळपर्यंत मिटली.
उजवीकडे मात्र फासळ्या तशाच उघड्या
फेब्रुवारी सरला तरी.

"उजवी डावीसारखीच असणार ना?"
त्यानं रंधा खाली ठेवला.
"तुझा उजवा कान डाव्यासारखा आहे?"
मी दोन्ही चाचपून पाहिले.
नव्हता.

मग तो घरोघर फिरला, टोपी हातात घेऊन.
कुणी म्हणालं, नांगराच्या घासण्याची खूण होती.
कुणी म्हणालं, ते दुसरं गलबत.
बहुतेकांनी कॉफी पाजली
आणि आपापल्या बुडालेल्यांबद्दल सांगितलं.

शेवटी सिडसेल. वय एकोणनव्वद, ऐकू कमी.
तिनं फोटो बघितला, उलटा ठेवला.
"सगळे धक्क्यावरून हात हलवून घरी गेले.
मी बंधाऱ्याच्या टोकापर्यंत चालत गेले.
तिथं ते वळलं.
नाळेपासून जरा मागं, वरून तिसरी फळी
नवी होती. बाकीच्या काळवंडलेल्या, ही गोरी.
दिसेनाशी होईपर्यंत मी तेवढीच बघत राहिले.
बाकीचं विसरले.
त्याचा चेहरासुद्धा."

कुणाचा, हे ऐनारनं विचारलं नाही.
मेपलचा तुकडा शोधला,
तीन दिवस तासला,
आणि ती फळी बसवताना
मला खोलीबाहेर पाठवलं.

जहाज टांगलं ते ईस्टरच्या आधी,
नाळ वेदीकडे.
दोर प्रमाणापेक्षा जाड ठेवले होते,
खालून मान वर करणाऱ्यांसाठी.
त्या चर्चमध्ये बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे;
नियम केव्हाच मोडला होता,
पण सिडसेलच्या वयाच्या बायकांनी
आपली बाकं सोडली नव्हती.

पाद्री गळ्याभोवतीच्या चुण्यांच्या पांढऱ्या चकतीतून
बोलत होता, कशाबद्दल ते आठवत नाही.
दुसऱ्या स्तोत्राच्या मधोमध काठीचा आवाज आला.
सिडसेल उठली होती.
मधली वाट तिनं अशी ओलांडली
की जणू तळाशी पाणी आहे.
उजवीकडच्या बाकावर दोन मच्छीमार सरकले.
ती त्यांच्यामध्ये बसली, मान वर केली,
आणि तोंड किंचित उघडं ठेवून बघत राहिली.

सत्तर वर्षं एकाच अंगावर निजलेल्या बाईनं
कूस बदलली.

भट्टी तापली की गरम हवेनं जहाज
जरासं फिरतं, मग परत येतं.
त्या दिवशीही फिरलं.
ऐनार माझ्या उजव्या कानाशी वाकला.
मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलेल.
"फळी," तो म्हणाला, "जरा जास्तच गोरी झाली."