कवळीचे पैसे

लोबोबाईंनी वरच्या कवळीचे पैसे
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आणून दिले :
एकोणीस शिपाई, शिशाचे,
बोटाच्या दोन पेरांएवढे.
रेल्वेचं क्वार्टर रिकामं करून
लेकाकडे निघाल्या होत्या, जबलपूरला.
"मिस्टरांच्या वडलांचे," म्हणाल्या,
नव्या दातांनी एकदा 'फ' म्हणून पाहिला, एकदा 'व',
हसल्या, गेल्या.

मी दात करणारा माणूस. भुसावळात,
जिन्याखालची खोली, एक पंखा, एक मोटर,
प्लास्टरची दोन पोती.
लढाईतलं मला काही कळत नाही.
वाचनालयातल्या जाड पुस्तकात कोट जुळवून पाहिले :
उंच केसाळ टोप्या, राखी झगे,
मॉस्कोहून माघारी फिरलेली फौज निघाली ती.
म्हणजे बर्फ हवा.

म्हणजे बर्फ हवा, आणि बाहेर मे महिना,
शेहेचाळीस.
डांबर चपलेला सोडत नाही,
कालवलेलं प्लास्टर वाटीतच दगड होतं.

साडू जिनिंगवरून पिशवीभर कापूस घेऊन आला.
लावून पाहिला. ढग वाटला.
मीठ फार चमकलं.
रव्याला मुंग्या आल्या,
फौजेच्या डाव्या बगलेवर तुटून पडल्या.
शेवटी प्लास्टरच, कोरडं,
चहाच्या गाळणीतून, वरून, हळू,
आणि सावलीकडे चिमूटभर नीळ,
कारण पुस्तकातल्या चित्रात बर्फाची सावली निळी होती.
झाडं म्हणून पऱ्हाटीचे शेंडे रोवले,
बोंडं खुडून.

एकाचा पाय गुडघ्याखाली तुटलेला.
त्याला पाय केला, माझ्याकडे जे असतं त्याचाच,
हिरडीच्या गुलाबी अ‍ॅक्रिलिकचा.
घासला, चकाकवला. रंगवायचा राहिला.

सिंधू ताक घेऊन आली,
पदराने कपाळ टिपत फळीवर वाकली :
"एवढ्या गारठ्यात उभे केले ना,
त्यायले काही पांघरायले तं द्या."

शुक्रवारी भारंबे आला, पुढच्या दाताचं माप द्यायला.
किनगावचा, सुभेदार होऊन घरी बसलेला,
तेरा हिवाळे वर काढलेला.
वर म्हणजे कुठे, ते तो सांगत नाही.
तोंडात मापाचा ट्रे, बोलता येईना,
नुसता बघत राहिला फळीकडे.
ट्रे निघाला तसा म्हणाला,
"वारा कुठून आहे?"
मला प्रश्नच कळला नाही.
"बरफ चारी अंगाला सारखा टाकलास, पिठासारखा.
वारा एका बाजूनं येतो, भो.
झाडाच्या एकाच अंगाला बसतो बरफ.
माणसाच्या पण."
आणि खाली वाकून, गाल फुगवून,
त्याने फुंकर घातली.
माझा चार दिवसांचा हिवाळा
उजवीकडे सरकला.

मग त्याचं बोट गुलाबी पायापाशी थांबलं.
"रंगवायचा राहिलाय," मी घाईने म्हणालो.
"आधी लालच असतो," तो म्हणाला.
"मग पांढरा. मग काळा.
काळा झाला की दुखत नाही."
स्वतःचा पाय त्याने खुर्चीखाली ओढून घेतला,
पण चपलेतली बोटं
माझी मोजून झाली होती.

जाताना काडेपेटीतली एक काडी घेतली,
सगळ्यात पुढच्या शिपायाच्याही पुढे
ठसे उमटवत नेले, एका आड एक,
थेट फळीच्या कडेपर्यंत.
"हा कोण?"
"पुढे गेला तो."

दात झाला. भारंबे घेऊन गेला,
पैसे पुरते दिले, वर चिल्लरही घेतली नाही.
फळी आता कपाटावर आहे.
दुपारी लाईट जाते, पंखा थांबतो,
मी एकोणीस मोजतो, मग ठसे.
पाय अजून गुलाबीच.
तीन बाटल्या उघडून ठेवतो समोर,
ब्रश ओला करतो.
कुठल्या रंगात बुडवायचा ते ठरेपर्यंत
ब्रश वाळून जातो.