हातचा एक

रात्री नऊला मी वर्ग उघडते,
म्हणजे लॅपटॉपचं झाकण.
वाल्पाराइसोच्या चढावर माझी खोली, खाली बंदर,
आणि पडद्यावर एकवीस काळे चौकोन,
काळ्या पाण्यात असावी तशी
प्रत्येकात एकेक नाव.

हजेरी मी आवाजांवरून घेते.
इंजिन घरघरतंय तो एरिबेर्तो,
उत्तरेच्या वाळवंटात कुठेतरी ट्रक कडेला लावून बसलेला.
बाळ रडतंय ती यास्ना. (बाळ नात आहे. यास्ना एकोणचाळीसची.)
आणि चुलीत लाकूड तडतडतंय
ती चिलोए बेटावरची एदुविना कोलिवोरो, वय त्रेपन्न,
जिने चार महिन्यांत एकदाही कॅमेरा लावला नाही.

दिवसभर ती कारखान्यात सामन मासा कापते.
पट्टा थांबत नाही, म्हणून हातही नाही.
पहिल्याच आठवड्यात तिने लिहिलं होतं,
"बाई, उत्तर उशिरा आलं तर मला मंद समजू नका,
बर्फातून आलेली बोटं सुटी व्हायला वेळ लागतो."

अपूर्णांक आले तेव्हा एरिबेर्तो अडला.
मी केक काढला, भाकरी काढली, तिसऱ्यांदा वर्तुळ काढलं.
तो म्हणाला, सोडा बाई, माझ्या डोक्यात वाळूच आहे.
तेवढ्यात चुलीचा आवाज जवळ आला:
"हे बघ, एक मासा. दोन बाजू. दर बाजूचे चार तुकडे.
पाच पट्ट्यावर गेले. तुझ्या हातात माशाचा केवढा भाग?"
इंजिन बंद झालं.
मग हजारो मैलांवरून, अगदी हळू, "तीन छेद आठ."
"मग बाईंना का छळतोस?"

मोठ्या माणसांचं हसू
शाळेत कधी ऐकलं नव्हतं मी.

एका रात्री वर्ग संपला तरी ती गेली नाही.
म्हणाली, आमची शाळा समोरच्या बेटावर होती,
वल्ही मारत तासभर.
मी अकरा वर्षांची, त्या हिवाळ्यात वडिलांनी नाव विकली.
शाळा तिथेच राहिली. मी इथे. मधे पाणी.
शेवटच्या दिवशी बेरीज चालली होती.
गुरुजी म्हणाले, हातचा एक डोक्यावर ठेवा, विसरू नका.
मी ठेवला.
पुढचं घर काही आलं नाही.

जूनपर्यंत सहा चौकोन विझले.
कोणाचा डेटा संपला, कोणाची शिफ्ट बदलली,
एकीच्या नवऱ्याने फोनच भिंतीवर मारला.
वरून आलेल्या अहवालात एक रकाना आहे, 'फायदे', तीन ओळींचा.
मी तो शेवटी भरायचा म्हणून ठेवते
आणि शेवटी झोप लागते.

परीक्षेच्या रात्री दक्षिणेत वादळ.
नऊ वाजून वीस मिनिटांनी बेटांवरची वीज गेली
आणि चुलीचा आवाज तुटला.
मी मोजले, चौदा.
पुन्हा मोजले.
एरिबेर्तो पेपर सोडून विचारत राहिला, आली का, ती आली का?

दहाला पाच कमी असताना चौकोन उगवला.
चूल नव्हती. लाकडावर पाणी आपटत होतं.
"धक्क्यावर आहे, शेजाऱ्याच्या लाँचमध्ये.
फोन बॅटरीला लावलाय. किती वेळ उरला?"
पस्तीस मिनिटं, मी म्हटलं. खरं तर पंधरा होती.

तिच्या उत्तरपत्रिकेचा फोटो मध्यरात्री आला,
ओला, एक कोपरा दुमडलेला,
कागदाच्या कडेला धरलेला अंगठा, सुरीचे जुने वण.
समीकरणं बरोबर, एक सोडून.
आणि पहिल्याच बेरजेत, दहाच्या घरावर,
शाळेतल्या मुली काढतात तसा
गोल केलेला छोटासा एक.

मी तो तपासला नाही.
लाल पेन खाली ठेवलं,
आणि खिडकीतून बराच वेळ बंदराकडे बघत बसले.
एक नाव आत येत होती.