चिंतामणी

हिंदमाताच्या मार्केटात, मॅचिंगच्या दुकानात,
एकतीस वर्षं
मी बायकांना त्यांच्याच साड्यांचे रंग सांगत आले.
डाळिंबी वेगळा, राणी वेगळा,
आमसुली म्हणजे वांगी नव्हे,
आणि चिंतामणी तर
डोळ्यांनी नाही, जिभेनंच ओळखायचा.

मग दिवाळीच्या तोंडावर चेऊलकरीणबाई परत आल्या,
ब्लाउजपीस काउंटरवर टाकला:
"कुमुद, हा काळा आहे."
मी ट्यूबलाइटखाली धरला. चिंतामणी.
दाराशी उजेडात नेला. चिंतामणी.
विसनजीशेठ गल्ल्यावरून उठले,
एक शब्द न बोलता दुसरा पीस कापून दिला.
आमच्याकडे पाटी आहे,
कापलेला माल परत घेतला जात नाही.
तेव्हा कळलं, माझं काहीतरी गेलंय.

परळला डॉक्टर म्हणाले,
उजवा पिकलाय, डावा पिकतोय.
आंब्याची पेटी उघडून बोलावं तसं.

पुढे रोझलिन नावाची मुलगी, तिच्या हातात
लॅमिनेट केलेलं दरपत्रक.
ही साधी लेन्स. ही परदेशी.
ही नंबरातला तिरपेपणा काढते.
हिच्यात लांबचं-जवळचं दोन्ही,
फक्त रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात थोडी.
"काकू, तुम्हाला लांबचं हवंय की जवळचं?"

साठी ओलांडली, हे मला कुणी विचारलं नव्हतं.
लांब माझं काय?
मुलगा मस्कतला, तोही हल्ली
हातातल्या फोनमध्येच दिसतो.
जवळ सुईचं नेढं, तांदळातले खडे.
मला हवं होतं काउंटरएवढं अंतर,
त्याच्या पलीकडची बाई, अलीकडचा गज,
तेवढ्यातच झालं सगळं माझं.

"आणि ही जराशी पिवळसर,
आतल्या पडद्याला जपते म्हणतात."
"अगं, पिवळंच तर काढायला आलेय मी!"
ती हसली, साध्या लेन्सवर पेनानं गोल केला.
सही करताना मला दुकानातली पाटी आठवली.

हिरवं कापड, त्याला एक भोक,
भोकात मी.
यंत्र बारीक गुणगुणत होतं,
दिवा पाण्यात पडल्यासारखा फुटला
आणि फुटता फुटता मधोमध एक निळा,
ज्याला माझ्याकडे नाव नव्हतं.
"दुखतंय का?"
"नाही. हा कुठला रंग?"
कुणी उत्तर दिलं नाही. वीस मिनिटांत बाहेर.

पट्टी निघाल्यापासून एकच खेळ.
उजव्यानं भिंत पांढरी,
डाव्यानं तीच भिंत चहाच्या फडक्यातून गाळलेली.
तीन आठवड्यांनी दुकानात गेले.
काळ्यांच्या थप्पीत नऊ चिंतामणी निघाले.
चिंतामणींत चार काळे.
कोण कोण घालून गेल्या असतील
बारशाला, मुंजीला, मुलीच्या साखरपुड्याला,
आणि घरी येऊन
हँगरला अडकवून गप्प बसल्या असतील.

काल एक म्हातारी आली, एकटीच, काठी टेकत.
पिशवीतून साडी काढली. "मोतिया आहे हो."
उजवा डोळा म्हणाला, पांढरी.
धुवट, स्वच्छ, रोजची पांढरी.
मी तिच्याकडे पाहिलं,
दोन्ही बुबुळांत ताकाचा थेंब.

मी उजवा डोळा मिटला.
डाव्यानं, तिच्या उजेडात,
मोतिया शोधला, साडीवर ठेवला.
"अगदी हाच," ती म्हणाली, आणि कापडावरून
अंगठा फिरवत राहिली बराच वेळ.

पाऊण मीटर कापला.
बिलाच्या मागे रोझलिनचा नंबर लिहिला, मोठ्या आकड्यांत.
त्याच्याखाली, शेठ बघत नाहीत असं पाहून:
बदलून मिळेल.